नाचणीची बिस्किटे घरी कशी भाजावीत?

बालमित्रांनो, स्कॉटलंडसारख्या थंड, ओलसर देशात ओट नावाचे धान्य पिकते. तिकडे घरोघरी त्याची बिस्किटे करतात. आपल्या डोंगरउतारावर नाचणी पिकते. काही भागांत तिलाच नागली म्हणतात. मग आपण नाचणीची बिस्किटे का करू नयेत?

साहित्य : नाचणीचे पीठ १ वाटी, कणीक अर्धी वाटी, घट्ट तूप अर्धी वाटी, बारीक चिरलेला गूळ अर्धी वाटी, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड, दूध २-३ चमचे.

कृती : नाचणीचे पीठ मंद आचेवर ५ मिनिटे भाजावे. खमंग वास आला की उतरवून थंड होऊ द्यावे. परातीत तूप व गूळ हाताने चांगले फेसावे. त्यात दोन्ही पिठे, सोडा, मीठ व वेलदोडा घालावा. लागेल तेवढेच दूध घालून गोळा करावा. लहान लिंबाएवढे १८-२० गोळे करून तळहातावर चपटे करावेत. तूप लावलेल्या ताटलीत ते थोडे दूर दूर ठेवावेत, कारण ते फुगतात.

भट्टी नसली तरी अडत नाही, बरं का! जाड लोखंडी पातेल्यात दोन बोटे कोरडी, चाळलेली वाळू घालावी. झाकण ठेवून १५ मिनिटे तापवावी. वाळूवर लहान तिवई ठेवून तिच्यावर ताटली ठेवावी. पुन्हा झाकण ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे. ताटलीत सगळी बिस्किटे एकदम मावली नाहीत, तर दुसरा घाणा लावावा. वाळू फार तापते, म्हणून पातेल्याजवळचे काम मोठ्या माणसांनीच करावे.

असे का होते?
१) वाळू हळूहळू तापते आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचवते. त्यामुळे बिस्किटे खालून करपत नाहीत.
२) गव्हात ग्लूटेन असते, त्याने पीठ धरून राहते. नाचणीत ते नसते. म्हणून थोडी कणीक घालतात, नाहीतर बिस्किटांचा भुगा होतो.
३) सोड्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, म्हणून बिस्किटे खुसखुशीत होतात.
४) गरम बिस्कीट मऊच लागते. कच्चे राहिले असे वाटून पुष्कळजण ते जास्त भाजतात आणि करपवतात. कडा कोरड्या दिसल्या की उतरवावे. थंड झाले की तूप गोठते, गूळ घट्ट होतो आणि बिस्कीट आपोआप कडक होते.

१०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. हाडे व दात बळकट होण्यास कॅल्शियम लागते. भरडधान्यांचे महत्त्व ओळखून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले.

पालकांनो, घरात नाचणी असताना चहाबरोबर मुलांच्या हाती मैद्याच्या बिस्किटांचा पुडा येतो. बाजारच्या दिवशी पुडा घेण्याआधी एकदा हा घाणा लावून पाहा. मात्र यातही गूळ आहे हो! एका वेळी दोनच पुरेत. बाकीची घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

मुलांनो, आईला सांगा, गोळे आम्ही वळतो. आणि केलीत की वर्गात एक तरी चाखायला आणा!