जे पाहिले नाही त्याची साक्ष

मागील महिन्यात इशाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी थांबला. वस्तीतील एका खुनाच्या खटल्यात त्याला साक्षीचे समन्स आले होते. अंधारात पळणाऱ्याची पाठ त्याने पाहिली होती, चेहरा नव्हे. मृताचे नातलग मात्र म्हणत होते, नाव सर्वांना ठाऊक आहे, तू फक्त उच्चार. गुन्हेगार सुटू नये म्हणून एवढे बोललो तर गुनाह होईल काय, असा त्याचा प्रश्न होता.

मला खैबरची घटना आठवली. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. अब्दुल्लाह बिन सहल (रजि.) आणि मुहय्यिसा (रजि.) खैबरला गेले होते. तेथील यहुद्यांशी त्या वेळी तह होता. दोघे आपापल्या कामाला वेगळे झाले आणि पुढे मुहय्यिसांना आपल्या सोबत्याचे प्रेतच आढळले. मारताना कोणी पाहिले नव्हते. संशय रहिवाशांवर गेला, त्यांनी इन्कार केला.

मृताचे बंधू अब्दुर्रहमान (रजि.) व इतर नातलग प्रेषितांकडे (स.) आले. धाकटे असूनही अब्दुर्रहमानच प्रथम बोलू लागले, तेव्हा वडीलधाऱ्यांना आधी बोलू द्यावे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. मग पन्नास शपथा घ्याल काय, असे विचारले. (एका रिवायतीत त्याआधी साक्षीपुरावा मागितल्याचेही आहे.) त्यांनी उत्तर दिले की, आम्ही तेथे नव्हतो, पाहिले नाही, शपथ कशी घ्यावी? प्रतिपक्षाच्या पन्नास शपथा त्यांना मान्य नव्हत्या. अखेर रक्त वाया जाऊ नये म्हणून प्रेषितांनी (स.) स्वतः शंभर उंटांची दियत दिली. हदीसचे निवेदक सहल बिन अबी हस्मा (रजि.) यांना त्यांतील एका उंटिणीने लाथ मारल्याचेही स्मरत होते!

विचार करा. मृत घरचा, आरोपी परके, दुःख ताजे. तरीही ‘पाहिले’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. शपथ प्रथम कोणी घ्यावी याविषयी कोकणातील आपल्या शाफई घरांचा आणि हनफींचा मसला वेगळा आहे. पण नातलगांच्या संशयाला डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष कोणीच मानीत नाही. पडद्याआडून केवळ आवाज ऐकून दिलेली साक्ष हनफी फुकहा स्वीकारीत नाहीत, कारण आवाजासारखा आवाज असतो. पाठीसारखी पाठही असतेच.

आपल्या न्यायव्यवस्थेतील ओळख परेडचा हेतू हाच आहे. दंडाधिकाऱ्यासमोर संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांत उभे करतात. साक्षीदाराने आधीच मोबाइलवर किंवा ठाण्यात त्याला पाहिले असेल, तर त्या परेडला फारसे मोल उरत नाही; तो मग छायाचित्रातला चेहरा ओळखतो, त्या रात्रीचा नव्हे.

साक्ष लपविणाऱ्याचे हृदय पापी ठरते, असेही सूरह बकराच्या 283 व्या आयतीत बजावले आहे. म्हणून गैरहजर राहण्याचा सल्ला मी दिला नाही. वेळ, उजेड, अंगलट, पळण्याची दिशा सांग; चेहरा दिसला नाही, हेही सांग; नाव कोणी सुचवले असे विचारले तर तेही लपवू नकोस, असे मी म्हणालो.

“आणि तो सुटला तर, मौलाना?”

“आणि तो नसलाच तर?”

तो चपला हातात घेऊन पायरीवर बराच वेळ बसून होता. त्याची तारीख अजून यायची आहे.