सीमेपलीकडचे गणगोत

1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1961 च्या डिसेंबरात लष्करी कारवाईने गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज सीमा मिटली, राज्याची उरली. 2003 साली गोव्यातील कुणबी अनुसूचित जमातींत गणले गेले. आमच्या जोयड्यातील कुणब्यांस मात्र त्याच मागणीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. सोयरीक एक, दाखला निराळा!

तशात सुपा धरणाने काळीकाठची गावे बुडाली. तरुण मजुरीस गोव्याकडे वळले. याविषयी लोकमत दुभंगलेले आहे. वडीलधारी म्हणतात, शेते ओस पडतील. तरुण विचारतात, नुसत्या शेतावर घर कसे चालावे? आम्हांस तरुणांचा प्रश्न अधिक रास्त वाटतो. कारण कुमरी शेतीवर निर्बंध आले ते इंग्रजी अमदानीतच, आणि पिढीजात निर्वाहाचा आधार तेव्हापासूनच खचत आला होता.