प्रत आहे, पण ती उघडते का?

दागिने आपण लॉकरमध्ये ठेवतो, ठेवींच्या पावत्या जपतो. मात्र संगणकातील छायाचित्रे, हिशेब आणि कागदपत्रे बहुधा एकाच हार्ड डिस्कच्या भरवशावर असतात. डिस्क हे यंत्र आहे. ते कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून फायलींची प्रत, अर्थात बॅकअप, आवश्यक ठरतो.

तथापि केवळ प्रत काढणे पुरेसे नसते. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने फायलींचा मोठा भाग पुसला गेला. बॅकअपची व्यवस्था होती. परंतु ती नीट चालत नसल्याचे त्याच वेळी उघडकीस आले. अखेर काम वाचले ते गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकामुळे. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करीत व त्यासाठी एक प्रत तेथे होती.

यावरून आपण काय करावे? महत्त्वाच्या फायलींच्या मूळ धरून तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक घराबाहेर असावी. बाह्य डिस्क काम संपताच संगणकापासून अलग करावी. जोडलेली राहिल्यास रॅन्समवेअर तिच्यावरील फायलीही निकामी करू शकते. पिन आणि पासवर्ड मात्र अशा प्रतींत साठवू नयेत.

आणि दर तीन महिन्यांनी प्रतीतील काही फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. पहिली तपासणी आजच करावी.