जागलीच्या मचाणावर सुरक्षा दोर: खर्च किती, बांधायचा कसा?

धान लोंबीवर आले की भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या आसपासच्या बांध्यांत रानडुकरांसाठी जागल सुरू होते. मचाण मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडावर असते. चढताना पाय घसरतो, पहाटे डुलकी लागते आणि दहा-बारा फुटांवरून पडलेला माणूस आयुष्यभराचा जायबंदी होऊ शकतो. बहुतेकांच्या कमरेला फार तर बैलाचा कासरा बांधलेला असतो. पडणाऱ्याचा सगळा भार अशा वेळी पोटावर आणि मणक्यावर येतो, म्हणून कासरा नसल्यातच जमा धरा.

अमेरिकेत झाडाला दोराने टेकून शिकारीला बसतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यांची दोर बांधायची रीत मात्र जागलीला चालते.

काय घ्याल? (अंदाजे भाव, रुपयांत)

- फुल बॉडी हार्नेस, छातीवर आणि दोन्ही बगलांना कडी असलेला: 1,500 ते 3,000
- खोडाभोवती टाकायचा, लांबी कमी-जास्त होणारा पोझिशनिंग दोर: 900 ते 1,800
- 11 मिमीचा कमी ताणणारा सेमी-स्टॅटिक दोर, 10 मीटर: 900 ते 1,500
- 7-8 मिमीची दोरी, 2 मीटर: 100 ते 200
- स्क्रूचे स्टील कॅराबिनर, दोन: 600 ते 1,200
- हनुवटीच्या पट्ट्याचे हेल्मेट: 300 ते 600

एकूण 4,300 ते 8,300 रुपये. हार्नेसवर आयएस 3521 आणि हेल्मेटवर आयएस 2925 हा क्रमांक बघा. उत्पादनाची तारीख वाचा आणि पक्के बिल घ्या. भंडाऱ्यात मिळाले नाही तर नागपूरच्या औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानांत विचारा. जुना हार्नेस किंवा जुना दोर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, कारण त्याने आधी किती झटके खाल्ले हे कळायला मार्ग नाही.

दुकानदार शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा लांब दोर दाखवेल. तो उंच इमारतींसाठी असतो. त्याला पूर्ण उघडायला खाली साधारण 6 मीटर मोकळी जागा लागते. बारा फुटांच्या मचाणावर तो काम करण्याआधीच तुम्ही जमिनीवर आदळाल.

बांधायचा कसा?

1. झाड जिवंत आणि निदान फूटभर जाड खोडाचे हवे. शेवगा, काटेसावर यांची फांदी ठिसूळ असते, ती झाडे टाळा. पोकळ खोड, वाळकी फांदी, आग्या मोहोळ आणि विजेची तार आहे का, हे दिवसाउजेडी तपासा.
2. पहिल्यांदा चढताना पोझिशनिंग दोर खोडाभोवती घेऊन बगलेच्या कड्यांना अडकवा आणि पावलागणिक वर सरकवा.
3. मचाणावर उभे राहिल्यावर डोक्याच्या उंचीला मुख्य दोर बांधा. टोकाला आठाची गाठ मारून फास करा, खोडाला वेढा द्या आणि दुसरे टोक फासातून ओढून घट्ट करा. गाठीबाहेर वीतभर टोक राहू द्या. उरलेला दोर जमिनीपर्यंत सोडा.
4. बारीक दोरीची दोन्ही टोके पक्की बांधून कडे करा आणि ते मुख्य दोरावर तीन वेढ्यांनी गुंडाळा. ही प्रुसिक गाठ. ती हाताने सरकते, झटका बसला की आवळते. कॅराबिनरने ती छातीच्या कडीला जोडा. जमिनीपासून हातभर उंचीवर अंग टाकून बघा. ओल्या दोरावर ती घसरते का, तेही बघा.
5. यापुढे चढताना, बसताना, उतरताना हीच गाठ सोबत सरकवा. बसल्यावर ती इतकी वर न्या की दोरात ढील राहणार नाही. हा दोर फारसा ताणत नाही. दोन फूट ढील असेल तर सगळा झटका अंगाला बसतो.

मोबाइल आणि शिटी छातीच्या खिशात ठेवा. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिले तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून पाय टेकवायला पट्टीचा एक फास सोबत असू द्या. कुठल्या बांधीवर आहात, हे घरी सांगून निघा. वीज कडाडू लागली की लगेच उतरून झाडापासून दूर जा.

पुढचा खर्च

ऊन आणि उंदीर हे दोराचे वैरी, तेव्हा हंगाम संपला की तो काढून सावलीत ठेवा. एकदा पडणे झेललेला दोर आणि हार्नेस दोन्ही बाद करा.

पैसे कमी पडत असतील तर हार्नेस आणि दोरात काटकसर नको, मचाणच खाली आणा. बांधावर चार खांब रोवून कमरेएवढ्या उंचीवर कठड्याचा माळा बांधला तर यातले काहीच घ्यावे लागत नाही. रानडुकरे अडवायला कुंपणात वीज मात्र सोडू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात शेजारचा माणूसही मरतो.