माहेरी येताना फाईलही आणा

इब्रामपूर गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या टोकाला. हद्द ओलांडली की महाराष्ट्रातला दोडामार्ग तालुका, आणि आमच्या कितीतरी सोयरिकी तिकडच्याच. माझंही सासर तिथलं. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि पहिलटकरीण म्हणून मला माहेरी पाठवलं. बरोबर साड्या होत्या, नारळ होते, लाडवांचा डबा होता. तपासणीचं कार्ड आणि रिपोर्ट मात्र सासरीच राहिले. पाठवणीच्या सामानात ते कुणी धरतच नाही.

आठव्या महिन्यात बोटातली अंगठी निघेना. पाय सुजतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण माझं तोंडही सकाळी सुजलेलं दिसायचं. 'पाणी धरलंय, मीठ कमी खा,' शेजारणी म्हणायच्या. मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मायेनेच काढली. पण दृष्ट काढून ती स्वस्थ बसली नाही, तिने अंगणवाडीच्या बाईंकरवी नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी रक्तदाब मोजला आणि लगेच 108 ला फोन करायला सांगितलं. आधी म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, तिथून बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: याआधी रक्तदाब किती होता? आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर जाऊ लागला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की त्या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. वेळीच आवरला नाही तर झटके येतात, आणि गावात त्या झटक्यांना बाधा समजतात. ते टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. अनेक देशांतल्या बायकांवर झालेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. आजारातून सुटका मात्र प्रसूतीनंतरच. माझीही वेळेआधी करावी लागली. मुलगी अगदी लहानखुरी जन्मली, पण आम्ही दोघी वाचलो.

हा आजार शेवटच्या तीन महिन्यांत जास्त दिसतो, आणि आपल्या रीतीप्रमाणे पोरगी नेमकी तेव्हाच घर बदलते. नर्स बदलते, दवाखाना बदलतो, आमच्याकडे तर राज्यही बदलतं. रीत मोडा असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत आईच्या हातची पेज आणि आईजवळची झोप याला तोड नाही. पण ओटीच्या नारळासोबत फाईलही पिशवीत घाला, आणि माहेरी पोचल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे तारीख एकच.

ओटीला जमणाऱ्या बायकांना माझी एक विनंती आहे. पपई खाऊ नको, ग्रहणात चिरू नको, हे आपण तिला हमखास सांगतो. त्यासोबत हेही सांगा की जराही रक्त दिसलं, मग दुखत नसलं तरी, थेट इस्पितळात जायचं. पोटातल्या बाळाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट पाहायची नाही. पाणी गेलं, ताप भरला, छातीखाली वरच्या पोटात कळा येऊ लागल्या, तरी तेच. रात्री कुणाची गाडी मिळेल तेही त्याच दिवशी ठरवून टाका.

बाळंतिणीच्या खोलीतही लक्ष असू द्या. झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. शेक-शेगडी चालू असताना तिचं डोकं दुखलं तर 'वारा लागला' म्हणून कानाला फडकं बांधून गप्प बसू नका, आधी रक्तदाब मोजून घ्या. आणि एकदा हा आजार होऊन गेला असेल, तर पुढच्या खेपेला दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना ते सांगा. अशा बाईला ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात. ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली बरी, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही.