ईथर सापडलाच नाही!

खाडीच्या लाटा पाण्यावरून येतात. आवाज हवेतून येतो. मग सूर्याचा प्रकाश कशातून येतो? मध्ये तर हवाच नाही! म्हणून पूर्वीचे शास्त्रज्ञ म्हणत, की सगळीकडे ‘ईथर’ नावाचा न दिसणारा पदार्थ भरलेला आहे.

पण नुसते म्हणून कसे चालेल? तपासायला नको का? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० कि.मी. वेगाने फिरते. मग ईथर समोरून वाऱ्यासारखा लागायला हवा.

गुरुजींनी होडीचे गणित घातले. समजा, होडीचा वेग ताशी ५ कि.मी. आणि भाईंदरच्या खाडीत ओहोटीची ओढ ताशी ३ कि.मी. ओढीबरोबर २ कि.मी. जायला १५ मिनिटे. उलटे परत यायला १ तास. एकूण ७५ मिनिटे. पाणी आडवे कापताना होडी थोडी तिरकी धरावी लागते, म्हणून वेग ४ उरतो. तेवढेच अंतर जाऊन-येऊन ६० मिनिटे. अंतर तेच, वेळ वेगळा!

१८८७ साली अमेरिकेत मायकेलसन व मोर्ली यांनी प्रकाशाची अशीच शर्यत लावली. एका किरणाचे दोन भाग केले. एक सरळ, एक आडवा. आरशांवरून परत आणून एकत्र केले, की काळे-उजळ पट्टे दिसतात. वेळेत फरक पडला तर पट्टे सरकतात. या यंत्राला इंटरफेरोमीटर म्हणतात. ते दगडी लादीवर मांडून लादी पाऱ्यावर तरंगत फिरवली. पण पट्टे हवे तेवढे सरकलेच नाहीत!

काही जण म्हणाले, पृथ्वी ईथरला बरोबर ओढत नेत असेल. म्हणून पुढे मिलर यांनी उंच माउंट विल्सनवर प्रयोग केला. त्यांना थोडा फरक दिसला. १९५५ साली त्यांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तो तापमानामुळे आला असावा असे ठरले. आइन्स्टाइन यांनी तर १९०५ सालीच सांगितले होते, की ईथरची गरज नाही.

बरं का, ४ कि.मी. लांब भुजांचा इंटरफेरोमीटर आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला २०२३ साली मंजुरी मिळाली. तो गुरुत्वाकर्षणाच्या लाटा शोधणार.

मायकेलसनना ईथर सापडेल असेच वाटत होते. तरी त्यांनी आकडे लपवले नाहीत. ‘नाही’ हेसुद्धा उत्तरच असते. आपणही प्रयोगवहीत दिसले तेच लिहावे.

सांगा पाहू: ओढ ताशी ५ कि.मी. झाली तर आपली होडी परत येईल का?

— इयत्ता ४ थी