दोष झाकणात आहे

पेण

चि. निनाद,


विजेचा प्रेशर कुकर दुकानात नेलास आणि त्यांनी हीटर प्लेट बदलायला सांगितली, हे वहिनीकडून कळलं. पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. पाणी उकळतंय, पण झाकणाच्या कडेने वाफ जाते आणि मिनिटं मोजायला सुरुवातच होत नाही, असं तूच सांगितलंस ना? मग प्लेट धडधाकट आहे. प्रेशर भरल्याशिवाय हा कुकर वेळ मोजतच नाही. दोष झाकणात आहे.

प्लग काढ, कुकर गार होऊ दे आणि झाकण उलटं कर. आतली सिलिकॉनची रिंग तारेच्या कड्याला सगळीकडून नीट धरून बसली आहे का, बोट फिरवून बघ. धुऊन घाईत बसवली की एखाद्या जागी ती उचललेली राहते, नाहीतर भाताचं शीत वाळून कडेला चिकटलेलं असतं. तेवढी फट वाफेला पुरते. रिंग कडक झाली असेल किंवा चिरली असेल तर नवी घे, पण त्याच मॉडेलची. गॅसवरच्या कुकरची रिंग यात चालत नाही.

मग ती छोटी धातूची दांडी बघ, प्रेशर आलं की वर येते ती. बोटाने ढकलल्यावर सहज वर-खाली झाली पाहिजे. डाळीचा फेस वाळला की ती तिथेच अडकते. तिच्या टोकाला सिलिकॉनची इवलीशी टोपी असते. ती काढून धू, पण वाटीत. मोरीत गेली की गेली. वाफेच्या व्हॉल्व्हखालची जाळीची टोपीही ओढून काढ आणि जुन्या टूथब्रशने घास.

मधेच कुकरच्या पडद्यावर ‘बर्न’ असं उमटतं, त्याचं कारण तुझी फोडणी. कांदा-मसाला परतल्यावर बुडाला जे धरतं, ते पाणी घालून लाकडी उलथन्याने खरवडून सोडव, मगच झाकण लाव. ओल्या नारळाचं वाटण शेवटी घाल. भांडं ठेवण्याआधी त्याचं बूड बाहेरून पुसून घे. प्लेटच्या मधोमध एक बटण आहे, दाबलं की खाली जाऊन परत वर येतं; तापमान तेच ओळखतं. त्याच्या भोवती तांदळाचा एक दाणा पडला तरी भांडं तिरकं बसतं आणि कुकर गोंधळतो. प्लेट ओलसर फडक्याने पुसायची, तिच्यावर पाणी ओतायचं नाही.

शिट्ट्या मोजायची सवय आता सोड. मुंबईत हॉकिन्स 1959 साली सुरू झाली, तेव्हापासूनच्या दोन-तीन पिढ्यांचे कान शिट्टीवर तयार झालेत. याला मात्र शिट्टी नाही. यातलं प्रेशर बहुधा गॅसवरच्या कुकरपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून डाळीला चार-पाच मिनिटं जास्त दे. डाळ-तांदूळ पाण्यासकट अर्ध्या भांड्याच्या वर भरू नकोस. आणि वालाचं बिरडं यात प्रेशरवर करूच नकोस. सोललेल्या डाळिंब्यांचं पिठलं होतं. परतायच्या बटणावर साधं झाकण ठेवून शिजव.

मासे-मटणाचा वास रिंगेत मुरतो. एक जादा रिंग खिरी-भातासाठी ठेव. वास जाईना तर दोन वाट्या पाणी, लिंबाची सालं आणि पाच मिनिटं प्रेशर. पावसात झाकण लावून कुकर ठेवलास तर आत बुरशी धरेल. झाकण उलटं टाकून ठेव.

एका गोष्टीत मात्र ऐकायचंच. 1679 साली देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने हे वाफेचं भांडं काढलं, आणि कोंडलेल्या वाफेचा धोका ओळखून त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह जोडायची अक्कलही त्याचीच. वीज गेली म्हणजे आतली वाफ जात नाही. धाटावच्या कामावरून भुकेला घरी येशील, तरी दांडी आपोआप खाली बसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, दांडी दाबून बसवायची नाही आणि चमचा घालून उचकटायचंही नाही.

एवढं करूनही वाफ गळत राहिली तर रविवारी दिवा गाडीने इकडे पेणला येताना झाकण घेऊन ये. कुकर आणायची गरज नाही.

तुझी,
आत्या